प्रस्तावना: खुला संगणक, त्याची उपसाधने आणि त्यांची वीज

संगणकाविषयीच्या मराठी लेखनात त्याची गणनशक्ती, स्मृती आणि आज्ञावली यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्या यंत्राला पडदा, कळफलक, कॅमेरा, तापमानाचा संवेदक किंवा पाण्याच्या पंपाचा रिले जोडायचा झाल्यास त्या साधनाला वीज कोठून द्यावयाची, ती किती द्यावयाची आणि दोघांमधला संदेशव्यवहार कोणत्या तारांवरून व कोणत्या नियमांनी चालवायचा, हे प्रश्न बहुधा दुकानदाराच्या किंवा दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावर टाकले गेले आहेत. बंद पेटीत मिळणाऱ्या संगणकापुरते ते चालूनही गेले, कारण तेथे या प्रश्नांची उत्तरे कारखान्यातच ठरलेली असतात आणि ग्राहकाने खोबणीत बसेल तो प्लग घातला की काम भागते. सुट्या भागांतून जुळवता येणाऱ्या आणि ज्याचे आराखडे सर्वांना पाहता येतात अशा संगणकाच्या बाबतीत मात्र ही उत्तरे वापरणाऱ्यालाच काढावी लागतात, आणि ती चुकली तर यंत्र अडखळते, कारण न कळता पुन्हा पुन्हा सुरू होते किंवा कायमचे निकामी होते. उपसाधनांचा वीजपुरवठा आणि त्यांची जोडणी हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे, आणि खुल्या संगणकाचा खुलेपणा खरोखर किती आहे हे या जोडणीच्या जागीच कळते, हे त्याचे प्रतिपादन आहे.

आरंभी तीन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ज्या यंत्राचे मंडल-आराखडे, छापील बोर्डाची मांडणी आणि सुट्या भागांची यादी कोणालाही अभ्यासता, बदलता, बनवता आणि विकता येईल अशा परवान्याखाली प्रसिद्ध होते, त्याला खुले हार्डवेअर म्हणतात. या व्याख्येची पहिली आवृत्ती २०११ मध्ये निश्चित झाली, त्याच वर्षी सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेने आपला खुला हार्डवेअर परवाना जाहीर केला आणि २०१२ मध्ये ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. ज्या संगणकाचे प्रक्रियक, वीजपुरवठा, पडदा, साठवण इत्यादी अवयव स्वतंत्र तुकड्यांत असून एक तुकडा बदलताना बाकीचे फेकावे लागत नाहीत, तो मॉड्यूलर संगणक होय. प्रक्रियक आणि त्याची मुख्य स्मृती सोडून संगणकाशी ज्याची ज्याची देवाणघेवाण होते, मग तो उंदीर असो वा मातीतील ओलावा मोजणारा संवेदक, त्या सर्वांना या ग्रंथात उपसाधने म्हटले आहे.

खुलेपणाला पायऱ्या असतात, हेही येथेच नोंदवले पाहिजे. इटलीतील इव्हरेया येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाने आपले आराखडे पहिल्यापासून खुले ठेवले. बीगलबोर्ड आणि बल्गेरियातील ओलिमेक्स यांनीही लिनक्स चालवणाऱ्या बोर्डांचे संपूर्ण आराखडे प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये आलेला आणि भारतात सर्वांत परिचित झालेला रास्पबेरी पाय या अर्थाने पूर्ण खुला नाही, कारण त्याची मुख्य चिप बंद स्वरूपाची असून त्याचे आराखडे काटछाट करूनच दिले जातात; तथापि त्याच्या जोडणीच्या पिनांची माहिती उघड आहे. बर्लिनमधील एमएनटी रिफॉर्म हा लॅपटॉप दुसऱ्या टोकाला आहे: त्याची बॅटरीही आठ सुट्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलांची असून प्रत्येक सेल वेगळा काढता येतो.

या क्षेत्राचा इतिहास साधारणतः १९७५ पासून सांगितला जातो. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतील पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जुळवायचा संगणक झळकला, आणि त्याच्या १०० पिनांच्या खोबणीतून एस-१०० या नावाने ओळखली जाणारी मार्गिका रूढ झाली. मार्गिका म्हणजे सर्व कार्डांना समाईक असलेल्या तारांचा संच. वीजपुरवठ्याच्या दृष्टीने तिची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे: मार्गिकेवर सुमारे ८ व्होल्टची अनियमित, म्हणजे भार वाढला की घटणारी वीज सोडलेली असे, आणि प्रत्येक कार्डावर स्वतःचा रेग्युलेटर बसवून तिचे स्थिर ५ व्होल्ट केले जात. त्यामुळे एका कार्डाने अधिक प्रवाह ओढला तरी शेजारच्या कार्डाचे ५ व्होल्ट फारसे हलत नसत. मात्र प्रत्येक कार्डावर उष्णता निर्माण होई आणि पेटी तापे. पुढे ॲपल-२ (१९७७) आणि आयबीएम पीसी (१९८१) यांनी स्थिर केलेली वीज एकाच ठिकाणी तयार करून खोबण्यांना वाटण्याचा मार्ग पत्करला, आणि वीज एकवटावी की विखरावी हा तेव्हाचा वाद आजच्या बोर्डांपर्यंत चालत आला.

आयबीएम पीसीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली, आणि मराठी वाचकाशी तिचा थेट संबंध आहे. त्या कंपनीने आपल्या तांत्रिक संदर्भग्रंथात मंडल-आराखडे आणि खोबणीच्या प्रत्येक पिनचे कार्य छापून टाकले, आणि त्यामुळे त्या खोबणीत बसणारे कार्ड कोणालाही बनवता येऊ लागले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूरमधील मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामावर उभे केलेले जिस्ट कार्ड हे असेच एक उपसाधन होते. पीसीच्या खोबणीतून वीज घेऊन आणि त्याच खोबणीतून संदेश वाचून हे कार्ड इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरील आज्ञावल्यांना देवनागरी पडद्यावर दाखवायला लावी, आणि ज्या काळी युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता त्या काळी कार्यालयांत व छापखान्यांत संगणकावर मराठी उमटू लागली ती मोठ्या प्रमाणात अशा कार्डांमुळे. संगणक बदलावा लागला नाही आणि मूळ उत्पादकाची परवानगीही लागली नाही. खोबणीची माहिती उघड होती एवढे पुरले. खुल्या जोडणीचा सामाजिक परिणाम दाखवणारे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

महाराष्ट्रातील या परंपरेचे इतर दुवेही ध्यानात घेण्याजोगे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅक या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि इतक्या नळ्यांना वीज पुरवणे व त्यांची उष्णता बाहेर काढणे ही त्याच्या रचनाकारांपुढची आकडेमोडीइतकीच मोठी समस्या होती. सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर या चिपांना एकमेकांशी जोडून बनवला होता, आणि त्या चिपांची निवड होण्यात प्रत्येकीवर असलेल्या चार स्वतंत्र दुव्यांचा मोठा वाटा होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली, आणि संगणकनियंत्रित कातरणी व बोर्ड कोरण्याची साधने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती आली. महाराष्ट्राबाहेर, बंगळूरमध्ये, याच सुमारास आकाराला आलेल्या सिंप्युटर या हातात मावणाऱ्या संगणकाचे आराखडे खास तयार केलेल्या सार्वजनिक परवान्याखाली दिले गेले होते. एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून त्याला स्मार्टकार्डाची खाच ठेवलेली होती. बाजारात सिंप्युटरला यश आले नाही, परंतु खुल्या हार्डवेअरची औपचारिक व्याख्या होण्यापूर्वीच भारतात त्या दिशेने विचार झाला होता हे त्यावरून दिसते.

आज या क्षेत्रात चार संप्रदाय स्थूलमानाने ओळखता येतात, आणि प्रत्येकात वीज व संदेश यांविषयी एक वेगळा करार गृहीत धरलेला असतो. पहिला संप्रदाय मार्गिकेचा: समाईक पाठफलकावर खोबण्या आणि त्यांत उभी कार्डे, ही एस-१०० पासून औद्योगिक व्हीएमई यंत्रणेपर्यंतची रचना. दुसरा थरांचा: मुख्य बोर्डावर दुसरा बोर्ड पिनांनी बसवायचा, जसे आर्डुइनोचे शील्ड, बीगलबोनचे केप आणि रास्पबेरी पायचे हॅट. २०१४ मध्ये ठरलेल्या हॅटच्या नियमांत प्रत्येक उपबोर्डावर एक लहान स्मृतिचिप ठेवून त्यात त्या बोर्डाची ओळख नोंदवण्याची तरतूद आहे, म्हणजे संगणक सुरू होतानाच डोक्यावर काय बसले आहे हे त्याला कळते. थरांच्या रचनेत उपबोर्डाला वीज मुख्य बोर्डाच्या पिनांतूनच मिळते, त्यामुळे तिसरा-चौथा थर चढला की त्या पिनांची मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका असतो.

तिसरा संप्रदाय गाभ्याचा आणि वाहक बोर्डाचा आहे. प्रक्रियक व स्मृती एका लहान पट्टीवर, आणि सर्व खोबण्या व वीजपुरवठा दुसऱ्या, सहज बनवता येणाऱ्या मोठ्या बोर्डावर, अशी ही वाटणी असून २०१४ पासूनचे रास्पबेरी पायचे कंप्यूट मॉड्यूल आणि एमएनटी रिफॉर्म यांनी ती लोकप्रिय केली. ईओएमए-६८ या योजनेने २०१६ मध्ये ६८ पिनांच्या जुन्या पीसीएमसीआयए कार्डाच्या आकारात सबंध संगणक बसवून तो लॅपटॉपच्या किंवा टेबलावरच्या पेटीत अदलून-बदलून घालण्याची कल्पना लोकवर्गणीसाठी मांडली. तिचे उत्पादन वर्षानुवर्षे रखडले, तरी गाभा आणि घर वेगळे करण्याचा तिचा विचार नंतरच्या रचनाकारांना उपयोगी पडला. चौथा संप्रदाय केबलींचा: यूएसबी, किंवा संवेदकांसाठीच्या क्विक व ग्रोव्हसारख्या चार तारांच्या जोडण्या, ज्यांत दोन तारा विजेच्या आणि दोन संदेशाच्या असतात. नवशिक्याला हा संप्रदाय सर्वांत सोपा वाटतो, कारण त्यात सोल्डरिंग लागत नाही. परंतु केबल स्वतःच मंडलाचा एक भाग असते हे त्यात सर्वांत लवकर विसरले जाते.

ही विस्मृती किती महाग पडते हे एका साध्या हिशेबावरून दाखवता येईल. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा पातळ यूएसबी केबलींत २८ गेजची तांब्याची तार असते आणि तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. एक मीटर केबलीत वीज जाण्याची आणि परतण्याची अशी दोन मीटर तार येते, म्हणजे रोध ०.४२ ओहमच्या आसपास झाला. त्यातून १ अँपिअर प्रवाह गेल्यास ०.४२ व्होल्ट केबलीतच खर्ची पडतात आणि ॲडॉप्टरमधून निघालेले ५ व्होल्ट बोर्डापाशी ४.५८ होऊन पोहोचतात. रास्पबेरी पायची कमी व्होल्टेजची सूचना ४.६३ व्होल्टच्या खाली उमटते. याउलट २४ गेजची जाड तार वापरल्यास त्याच लांबीत आणि त्याच प्रवाहाला सुमारे ०.१७ व्होल्ट कमी होतात, आणि तोच ॲडॉप्टर तोच बोर्ड निर्धोक चालवतो. आज्ञावलीतील दोष म्हणून ज्यांचा दिवसेंदिवस शोध घेतला जातो अशा कित्येक तक्रारींचे मूळ या अर्ध्या व्होल्टमध्ये असते.

म्हणून उपसाधन जोडण्यापूर्वी प्रवाहाचा जमाखर्च मांडणे ही या विद्येची पहिली पायरी होय. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार (२०००) उपसाधनाने आपली ओळख पटवण्यापूर्वी १०० मिलिअँपिअर आणि त्यानंतर फार तर ५०० मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा, असा नियम आहे. तिसऱ्या आवृत्तीत (२००८) ही मर्यादा ९०० झाली. परंतु फिरत्या तबकडीची लहान हार्डडिस्क सुरू होताना क्षणभर १ अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते, आणि बेरजेत सरासरी धरून चालणाऱ्याची फसगत होते ती अशा क्षणीच. २०२३ च्या रास्पबेरी पाय ५ ला ५ व्होल्ट व ५ अँपिअरचा ॲडॉप्टर जोडल्यास तो यूएसबी उपसाधनांना एकूण १.६ अँपिअर देतो, आणि ३ अँपिअरचा जोडल्यास आपण होऊन ६०० मिलिअँपिअरवर येतो. स्वतंत्र वीज असलेला हब वापरणे हा यावरचा रूढ उपाय आहे, पण काही स्वस्त हब उलट दिशेने संगणकातच वीज सोडतात आणि बोर्डाची संरक्षक व्यवस्था निरुपयोगी करतात; तेव्हा हब घेताना हीही तपासणी करावी लागते.

यूएसबी-सी कनेक्टरने (२०१४) या व्यवहारात वाटाघाटीचा भाग आणला. वीज देणारा आणि घेणारा यांनी प्रथम सीसी नावाच्या दोन पिनांवरून एकमेकांना ओळखायचे आणि मगच व्होल्टेज सोडायचे, अशी ही पद्धत असून २०२१ च्या सुधारणेनंतर तिच्याद्वारे २४० वॅटपर्यंत वीज देता येते. घेणाऱ्या यंत्राने दोन्ही पिनांवर ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रोधक ठेवावा, असा नियम आहे. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही पिना एकत्र करून एकच रोधक ठेवला गेला होता, आणि त्यामुळे आत ओळखचिप असलेली उत्तम प्रतीची केबल वापरली की चार्जर त्या बोर्डाला ध्वनीचे उपसाधन समजून वीजच देत नसे, तर साधी केबल लावली की सर्व सुरळीत चाले. आराखड्याचा तो भाग प्रसिद्ध झालेला असल्याने बाहेरच्या जाणकारांनी कारण नेमके दाखवले आणि उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली. अर्धवट खुलेपणानेही एवढे साधले. आराखडा बंद असता तर ग्राहक केबली बदलत बसले असते.

जोडणीची दुसरी बाजू संदेशाची आहे, आणि तिच्यात व्होल्टेजची पातळी, समाईक ग्राउंड व अंतर या तीन बाबी निर्णायक ठरतात. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टच्या. दोघांना सरळ जोडल्यास पहिल्याची पिन जळू शकते, म्हणून मध्ये पातळी बदलणारे मंडल घालावे लागते. दोन साधनांची ग्राउंड तार, म्हणजे शून्य व्होल्टचा समाईक संदर्भ, जोडलेली नसेल तर संदेशाच्या तारा कितीही नीट असोत, पलीकडे निरर्थक अक्षरे पोहोचतात. अंतराचा प्रश्न तर विदर्भातील वाचकाला शेतातच भेटेल. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आणलेली आय-टू-सी ही दोन तारांची पद्धत एका बोर्डावरच्या चिपांसाठी योजलेली आहे आणि तिच्या तारांवरील एकूण धारिता ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी लागते. साध्या केबलीत ही मर्यादा काही मीटरांतच संपते. काटोल किंवा नरखेडच्या संत्राबागेत शंभर मीटरवरच्या झाडाखालील ओलाव्याची नोंद घ्यायची असेल तर तेथे आरएस-४८५ ही पद्धत योजावी लागते, कारण तिच्यात एकाच संदेशाची दोन विरुद्ध रूपे दोन तारांवरून पाठवून त्यांतील फरक वाचला जातो, दोन्ही तारांवर सारखाच पडणारा बाहेरचा गोंगाट या वजाबाकीत निघून जातो आणि कमी वेगात १,२०० मीटरपर्यंत मजल मारता येते.

या सर्व नियमांचे आकडे ज्या पुस्तिकांत छापलेले असतात त्या बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि अखंड वीज गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि नागपूरचा अनुभव या दोन्ही गृहीतकांना छेद देतो. एक उदाहरण पुरेसे आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ७८०५ या सर्वपरिचित रेग्युलेटरद्वारे ५ व्होल्ट काढून २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॅट, उष्णतेत जातात. उष्णताशोषक पट्टी नसलेल्या या रेग्युलेटरचा गाभा दर वॅटला भोवतालच्या तापमानाहून सुमारे ६५ अंशांनी तापतो, म्हणजे येथे ९१ अंशांनी. खोलीचे तापमान २५ असेल तर गाभा ११६ अंशांवर, म्हणजे १२५ या मर्यादेच्या आत राहील. मे महिन्यात नागपुरात हवा ४५ अंशांवर गेली की तोच गाभा १३६ वर जाईल आणि रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडण्याच्या बेतात येईल. जे मंडल हिवाळ्यात निर्दोष चालले ते उन्हाळ्यात दुपारी बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते, याचे कारण हे आहे. उपायही अवघड नाही: रेषीय रेग्युलेटरच्या जागी बक कन्व्हर्टर, म्हणजे वेगाने उघड-झाप करून व्होल्टेज उतरवणारे मंडल, वापरल्यास बहुतेक ऊर्जा वाचते आणि तापणेही थांबते.

विजेच्या बाबतीत नागपूरची स्थिती मोठी लक्षणीय आहे. शहराच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत आणि एकट्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. तेथून उच्चदाबाच्या वाहिन्यांनी निघालेली वीज घरात २३० व्होल्ट होऊन येईपर्यंतचे शास्त्र अभियांत्रिकी महाविद्यालयांत रीतसर शिकवले जाते, पण २३० पासून ३.३ व्होल्टपर्यंतचा शेवटचा टप्पा कोणत्याही एका अभ्यासक्रमाच्या वाट्याला पूर्णपणे येत नाही. या टप्प्यातच कूलरची किंवा पंपाची मोटर सुरू होताना बसणारा हिसका, वळवाच्या पावसातील विजांमुळे लांब तारांत उसळणारे व्होल्टेज, आणि दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून धातूच्या पेटीवर झिरपून बोटाला झिणझिण्या आणणारी गळती, या गोष्टी घडतात. घरगुती इन्व्हर्टरमध्ये १२ व्होल्टचे २३० करून ॲडॉप्टरने पुन्हा ५ करण्याची दुहेरी नासाडी सर्रास होते. बॅटरीवरून थेट ५ व्होल्ट घेणे शक्य आहे, मात्र भारित होताना ती बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढते हे ध्यानात ठेवून रेग्युलेटर निवडावा लागतो. वीज अचानक गेली तर एसडी कार्डावरील अर्धवट लिहिलेली माहिती बिघडते, म्हणून बंद होण्यापुरता अवधी देणारा राखीव पुरवठा हा येथे चैनीचा भाग मानता येत नाही.

या विषयाला आजच महत्त्व का आले, याची कारणे स्पष्ट आहेत. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळाशाळांत उभारलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे सहावीपासूनच्या मुलांच्या हाती असे बोर्ड आणि संवेदक येऊ लागले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सी विषयीचे मानक स्वीकारले असून एकच चार्जर अनेक साधनांना वापरण्याकडे कल वाढतो आहे, म्हणजे वाटाघाटीने मिळणारी वीज समजून घेणे सर्वांनाच आवश्यक होणार. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रक्रियक रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभे आहेत, त्यामुळे प्रक्रियकापासून खोबणीपर्यंत सबंध यंत्र खुले असण्याची शक्यता प्रथमच देशात दिसू लागली आहे. मंडल रेखाटण्यासाठी कीकॅड हे मुक्त साधन उपलब्ध आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम हे मंडल-चाचणीचे साधन घडवले आहे, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतूनही पाठ दिले आहेत. साधने आहेत, बोर्ड आहेत. जोडणीचा विवेक शिकवणारा सलग मराठी ग्रंथ मात्र नव्हता.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रस्तुत ग्रंथ करतो. कोणत्याही एका कंपनीच्या बोर्डाची मार्गदर्शिका होण्याचे त्याने टाळले आहे, कारण बोर्ड दोन-तीन वर्षांत मागे पडतात आणि ओहमचा नियम तसाच राहतो. प्रत्येक जोडणीकडे वीज, संदेश आणि परवाना या तीन अंगांनी पाहण्याची शिस्त त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळली आहे, आणि प्रत्येक आकडा उष्ण हवेसाठी व खंडित विजेसाठी पुन्हा मांडून पाहिला आहे. परिभाषेबाबत मध्यममार्ग स्वीकारला आहे: रोध, धारिता, प्रवाह हे शाळेत रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत, आणि पिन, हब, रेग्युलेटर हे शब्द नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानात ज्या रूपात मागितले जातात त्याच रूपात वापरले आहेत. अतिवेगवान संदेशवहनासाठी लागणारी बोर्डाची मांडणी आणि २३० व्होल्टच्या बाजूचे काम हे दोन विषय ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. पहिला स्वतंत्र ग्रंथाची अपेक्षा करतो आणि दुसरा परवानाधारक तंत्रज्ञाच्या हाती राहणेच योग्य आहे.

हा ग्रंथ अभियांत्रिकीच्या व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठी, टिंकरिंग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी, दुरुस्तीच्या दुकानांतील कारागिरांसाठी आणि आपल्या शेतात स्वतः संवेदक बसवू पाहणाऱ्यांसाठी आहे. त्यांपैकी कोणालाही पूर्वज्ञान म्हणून दहावीच्या भौतिकशास्त्राहून अधिक काही लागणार नाही. सोबत एक मल्टिमीटर मात्र अवश्य असावा. बिघाड झाल्यास आज्ञावलीला दोष देण्यापूर्वी भार चालू असताना बोर्डाच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे, ते तापमान आणि वेळेसह वहीत टिपावे, आणि अशा नोंदी जमल्या की त्या मराठीतच इतरांसाठी खुल्या कराव्यात, अशी वाचकांना विनंती आहे. पुस्तिकांतील २५ अंशांच्या आकड्यांना विदर्भातील मोजमापांची जोड मिळाली, तरच हे शास्त्र येथल्या माणसांच्या कामाचे होईल.